मारुती ८०० : सर्व्हिसिंगनंतर इंजिन स्लोला टिकत नाही, मदत हवी आहे

कऱ्हाडचा_वाटसरू
नमस्कार. आमच्या जुन्या मारुती ८००ची सर्व्हिसिंग रविवारी घरीच केली. तेव्हापासून सिग्नलला किंवा गतिरोधकाजवळ ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिन स्लोला, म्हणजे मंद फिरत राहायला, टिकत नाही आणि बंद पडते. ऑइल, प्लग आणि एअर फिल्टर नवे आहेत, पेट्रोलही भरपूर आहे. शुक्रवारी आईला घेऊन आंबा घाटाने रत्नागिरीला जायचे आहे, त्यामुळे काय तपासावे ते कृपया लवकर सांगावे. गॅरेजमध्ये नेण्याचा सल्ला देऊ नये. जवळपासची सगळी गॅरेजे आता स्कॅनर जोडून गाड्या पाहतात आणि या गाडीला हात लावायला कोणी तयार होत नाही.

भोरकर
मारुती ८०० ही १९८३ पासून २०१४ पर्यंत बनत होती. त्यामुळे 'जुनी' एवढ्यावरून काहीच कळत नाही. गाडी कार्बोरेटरची, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या भांड्याची, आहे की एमपीएफआय, म्हणजे संगणकाच्या हुकमाने पेट्रोल फवारणारी? बंद पडते ती इंजिन थंड असताना, तापल्यावर की दोन्ही वेळी? आणि ऑइल, प्लग व फिल्टर यांखेरीज आणखी कशाला हात लागला होता?

तीन_सिलिंडर
प्लग बदलले म्हणजे प्लगच्या वायरी काढल्या होत्या, आणि दोष तिथेच असणार. या इंजिनाचा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-२ आहे. प्लगना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या टोपीपासून प्रत्येक वायर हाताने चाचपत प्लगपर्यंत जावे. प्लगचा गॅप फिलर गेजने मोजून ०.७ ते ०.८ मिलिमीटरच्या दरम्यान ठेवावा. नवे प्लग डब्यातून काढून तसेच बसवण्याची सवय फार लोकांना असते, आणि ती चांगली नाही.

हिरवा_कंदील
सर्व्हिसिंगला कशाला दोष देता? २०२५ पर्यंत बहुतेक पंपांवर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल आले आहे. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते आणि इथेनॉलला सुमारे ९ भाग पुरते. कार्बोरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी बारीक छिद्रे, जुन्या पेट्रोलच्या हिशेबाने असतात, म्हणून मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते, आणि स्लोला इंजिन गुदमरते. शिवाय जुन्या रबरी नळ्यांनाही इथेनॉल सोसत नाही.

कऱ्हाडचा_वाटसरू
गाडी १९९७ची आहे, म्हणजे अर्थातच कार्बोरेटरची. वायरी बरोबर आहेत, दोनदा पाहिल्या. पेट्रोल नेहमीच्याच पंपाचे आहे आणि शनिवारपर्यंत गाडी याच पेट्रोलवर व्यवस्थित चालत होती. कृपया मुद्द्याचे सांगावे, दिवस फार कमी आहेत.

टॅपेटवाले_काका
टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागातला गॅप, तपासा. टॅपेट आवळलेले असले तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन गळते आणि त्याचा त्रास सर्वांत आधी स्लोला जाणवतो. मी आयुष्यभर हे काम केले आहे. इंजिन पूर्ण थंड करून मगच गॅप घ्यावा.

भोरकर
काका, आपल्या अनुभवाबद्दल आदर आहे, परंतु शनिवारी ठीक असलेले टॅपेट रविवारी कोणी हात न लावता आवळले जाणार नाहीत. बिघाड सर्व्हिसिंगनंतर लगेच आला आहे, त्यामुळे जे उघडले गेले तेच आधी पाहणे योग्य. वाटसरू, माझ्या दोन प्रश्नांची उत्तरे अजून मिळालेली नाहीत.

सोपा_उपाय
एवढा विचार कशाला? कार्बोरेटरवरचा स्लोचा स्क्रू थोडा आत फिरवा, इंजिन बंद पडणार नाही. मी माझ्या गाडीत तेच केले आहे.

कोयनाकाठची
कृपया तसे करू नका. त्या स्क्रूने थ्रॉटलची, म्हणजे हवेच्या वाटेवरची, पाकळी उघडी राहते आणि मुख्य जेटचे पेट्रोल स्लोलाही ओढले जाऊ लागते, त्यामुळे मूळ दोष झाकला जातो. घाट उतरताना पाय काढूनही इंजिन रेसमध्ये राहिले, तर त्याच्या रोधाचा आधार कमी होतो आणि ब्रेक तापतात. आई सोबत असताना हा धोका पत्करू नये.

वाटसरू, तीन गोष्टी सांगा. चोक, म्हणजे हवा कमी करून पेट्रोलचे प्रमाण वाढवणारी दांडी, ओढला की इंजिन टिकते का? साठच्या वेगाला ओढ नेहमीसारखी आहे का? आणि कार्बोरेटर साफ केला होता का?

नोंदणी_सल्ला
१९९७ची गाडी असेल तर नोंदणीचे नूतनीकरण झाले आहे का ते पाहा. पंधरा वर्षांनंतर ते पाच-पाच वर्षांसाठी करावे लागते आणि पर्यावरण कराची पावतीही जवळ लागते.

कऱ्हाडचा_वाटसरू
कागदपत्रे पूर्ण आहेत. ताई, चोक ओढला की इंजिन टिकते आणि आत ढकलला की बंद पडते, थंड असो वा तापलेले. साठला ओढ उत्तम आहे. कार्बोरेटर जागेवरच बाहेरून आणि जेटच्या तोंडाशी स्प्रेने साफ केला होता. सर्व्हिसिंगमध्ये तेवढे असतेच.

कोयनाकाठची
हे पहिल्याच दिवशी कळले असते तर बरेच काही वगळता आले असते. दोन वायरींची अदलाबदल असती तर तीनपैकी दोन सिलिंडर बिघडून गाडी साठला पोहोचलीच नसती. आता उरते ते एवढेच की, थ्रॉटल मिटलेली असताना इंजिनाला पुरेसे पेट्रोल मिळत नाही किंवा कुठून तरी जादा हवा शिरते.

स्लोला पेट्रोल मुख्य जेटमधून येत नाही, ते वेगळ्या बारीक वाटेने थ्रॉटलच्या पाकळीखाली उतरते. त्या वाटेवर कार्बोरेटरच्या अंगाला बोटाच्या पेराएवढी, एक वायर असलेली पितळी-पोलादी नळी बसवलेली असते. तो सोलेनॉइड होय. किल्ली चालू झाली की तो वाट उघडतो, किल्ली बंद केली की मिटतो, म्हणजे बंद केलेले इंजिन पेट्रोल ओढत धडधडत राहत नाही. इंजिन सुरू न करता किल्ली चालू ठेवा, वायर काढा आणि पुन्हा टेकवा. 'टक' असा आवाज आला पाहिजे. आवाज नसेल तर टेस्ट लॅम्प लावून वायरीत करंट येतो का ते पाहा. आवाज येत असेल तर स्लो जेटमध्ये कचरा आहे किंवा फिल्टरच्या डब्याखालची एखादी व्हॅक्युमची नळी सुटली आहे. हवा कुठून शिरते ते शोधताना तापलेल्या इंजिनावर पेट्रोल किंवा स्प्रे कधीही मारू नका. नळ्या एकेक करून चिमटीत दाबून पाहिल्या तरी इंजिनाच्या आवाजातला फरक कळतो.

हिरवा_कंदील
सोलेनॉइडची पिन गंजली असेल तर तीही दमट इथेनॉलमुळेच.

भोरकर
ती पिन पेट्रोलच्या वाटेत नाही, बाहेर आहे.

कऱ्हाडचा_वाटसरू
ताई, 'टक' आवाज येत नव्हता. टेस्ट लॅम्प वायरीवर लख्ख लागतो. वायरीच्या टोकाची पितळी पट्टी फाकलेली आहे. ती बोटाने दाबून धरली की आवाज येतो आणि चोक आत असतानाही इंजिन स्लोला टिकते, सोडली की दोन-तीन सेकंदांत मरते. पट्टी पकडीने आवळली तर शुक्रवारी जाता येईल का?

कोयनाकाठची
आवळून जाऊ नका. इंजिनाच्या थरथरीने ती पुन्हा फाकेल. ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात त्याच मापाचे टर्मिनल सहज मिळते. जुने कापून नवे दाबून बसवा आणि सोलेनॉइडची पिन बारीक पॉलिश पेपरने पुसून घ्या. मग गुरुवारी संध्याकाळी इंजिन चांगले तापेपर्यंत गाडी चालवा, आणि वायर हलवून पाहिल्यावरही स्लो तसाच टिकला तरच घाटाला निघा.

टॅपेटवाले_काका
रत्नागिरीहून परतल्यावर टॅपेट मात्र पाहून घ्या.