प्रलंबित मागणीला उत्तर आले नाही, तर ती रद्द करावी का?

वरणगावकर: मागणी नोंदली, पण माल मिळाला नाही, अशा इंडेंटांपैकी (मागणीपत्रांपैकी) किती अजून खरोखर गरजेचे आहेत, हे लष्करी भांडारांनी ठरावीक काळाने विचारलेच पाहिजे. अमेरिकी लष्करात तातडीची मागणी 30 दिवस आणि साधी मागणी 75 दिवस जुनी झाली की पुरवठा केंद्र दर तिमाहीला मागणाऱ्या तुकडीकडून खातरजमा करून घेते आणि मुदतीत उत्तर न आल्यास मागणी रद्द करते. मी नोकरी केली त्या भांडारात एका ट्रकच्या फॅन बेल्टची मागणी खात्यावर तशीच उभी होती. ट्रक केव्हाच भंगारात निघाला होता, तरी बेल्ट खरेदीच्या यादीत जातच होता. आपल्याकडेही असाच नियम हवा, असे माझे ठाम मत आहे.

माजी सुभेदार, साक्री: वरणगावकर साहेब, विचारणा जरूर करावी, परंतु उत्तर आले नाही म्हणजे वस्तू नको आहे, हा अर्थ मला अजिबात मान्य नाही. तुकडी एका ठाण्यावरून दुसऱ्या ठाण्यावर हलत असताना, किंवा बर्फाने वाट बंद झालेल्या चौकीवर असताना, कागद जुन्या पत्त्यावर पडून राहतो. अशा वेळी भांडारातल्या हिशेबाच्या सोयीसाठी जवानाच्या स्टोव्हचा सुटा भाग रद्द व्हावा का?

वरणगावकर: सुभेदार साहेब, त्याच अमेरिकी नियमात रद्द झालेली मागणी 60 दिवसांत पुन्हा उभी करता येते.

भुसावळहून एक वाचक: कारखान्याच्या बाजूनेही पाहावे. 1 ऑक्टोबर 2021 पासून लष्करी सामान बनवणारे सरकारी कारखाने चालवणाऱ्या आयुध निर्माणी मंडळाच्या जागी सात सरकारी कंपन्या आल्या. त्यांपैकी भुसावळची निर्माणी यंत्र इंडियाकडे आणि वरणगावची म्युनिशन्स इंडियाकडे गेली. कंपनीला ऑर्डर दिल्यावर कच्चा माल घेतला जातो, यंत्रे त्या कामाला लागतात, आणि त्यानंतर मागणी फुगलेली होती असे कळून उपयोग नसतो, म्हणून खातरजमा ऑर्डरीच्या आधी व्हावी.

माजी सुभेदार, साक्री: हे पटले. मात्र रद्द करण्यापूर्वी तुकडीच्या वरच्या मुख्यालयाला विचारणे सक्तीचे असावे आणि पुन्हा उभी केलेली मागणी मूळ तारखेनेच रांगेत बसावी. नाहीतर ज्याला उत्तर देता आले नाही, त्यालाच माल सर्वांत शेवटी मिळेल.