मदत हवी आहे: कोल्हापूर, सांगली, सोलापूर, बेळगाव यांच्या गुन्ह्यांची तुलना कशी करायची?

रंकाळा_पदपथ:

नमस्कार मंडळी. पेठेतल्या वाचनालयाच्या वार्षिक अंकासाठी चार पानी लेख करायचा आहे. विषय: आपला जिल्हा शेजाऱ्यांच्या मानाने किती सुरक्षित. एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभाग) संकेतस्थळावरून चार वर्षांची जिल्हावार पत्रके उतरवली आणि एक्सेलमध्ये असे केले:

प्रत्येक जिल्ह्याचे भारतीय दंड संहितेखालचे गुन्हे अधिक विशेष व स्थानिक कायद्यांखालचे गुन्हे, भागिले २०११ च्या जनगणनेची लोकसंख्या, गुणिले एक लाख. सोलापूरसाठी 'सोलापूर ग्रामीण' ही ओळ घेतली.

अडचणी अशा. २०२० साली सगळीकडे आकडा एकदम वर गेलाय, लॉकडाउनमध्ये एवढे गुन्हे कसे? महिलांवरील गुन्ह्यांचा महाराष्ट्राचा दर माझ्या पद्धतीने काढून पाहिला तर अहवालातल्या दराच्या साधारण निम्मा येतोय. केरळचा एकूण दर बिहारच्या कितीतरी पट दिसतो, हे पटत नाही. आणि बेळगाव घेऊ की नको? जाणकारांनी कृपया सांगावे. अंक छपाईला जायला तीन आठवडे आहेत.

---

छेद_आधी:

लेखाचा विषय चांगला आहे, पण तक्ता परत करावा लागेल. क्रमाने सांगतो.

महिलांच्या दराचे उत्तर सगळ्यात सोपे. तिथे अहवाल भागाकार करतो तो दर लाख महिलांमागे, एकूण लोकसंख्येमागे नाही. बालकांच्या बाबतीतही तसेच, खाली फक्त बालकांची संख्या. २०११ ला कोल्हापूर जिल्ह्यात एकूण ३८,७६,००१ माणसे, त्यात महिला १८,९५,३४३. समजा महिलांवरचे ६०० गुन्हे दाखल आहेत. एकूण लोकसंख्येने भागले तर १५.५, महिलांच्या संख्येने भागले तर ३१.७. गुन्हे तेवढेच, दर दुप्पट.

आता सोलापूर. तिथे सोलापूर शहर आयुक्तालय आणि सोलापूर ग्रामीण असे दोन वेगळे पोलीस घटक आहेत. तुम्ही वर फक्त ग्रामीणचे गुन्हे घेतले आणि खाली अख्ख्या जिल्ह्याचे ४३,१७,७५६ लोक धरले. त्यातले साडेनऊ लाखांच्या आसपास शहरातले. म्हणजे तुमचा दर खऱ्यापेक्षा एक पंचमांशाहून जास्त कमी आला. दोन्ही ओळींची बेरीज करा, मग भागा. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याला आयुक्तालय नाही, अधीक्षक कार्यालयाची एकच ओळ आहे, तिथे ही भानगड नाही.

आणखी एक ओळ लोहमार्ग पोलिसांची असते. रेल्वेत झालेली चोरी पुणे लोहमार्गच्या खात्यात जाते, कोल्हापूरच्या नाही. तिला लोकसंख्याच नाही, त्यामुळे दर काढताच येत नाही. ती ओळ सोडून द्या, पण सोडली हे तक्त्याखाली लिहा.

२०११ च्या लोकसंख्येचा प्रश्न सगळ्यात चिवट. २०२१ ची जनगणना झालीच नाही. एनसीआरबी राज्यांसाठी तज्ज्ञ गटाने केलेला त्या त्या वर्षाच्या मध्याच्या लोकसंख्येचा अंदाज वापरते. जिल्हावार पत्रकासाठी ती सोय नाही. २००१ ते २०११ मध्ये कोल्हापूर १० टक्क्यांनी वाढले, पुणे जिल्हा ३० टक्क्यांनी, आणि रत्नागिरी चक्क जवळजवळ ५ टक्क्यांनी घटला. जुनाच आकडा खाली ठेवला तर पुण्याचा दर खूप फुगतो, कोल्हापूरचा थोडा, आणि रत्नागिरीचा उलट कमी दिसू शकतो. तुलना म्हणून जे दिसते त्यात बराच भाग या छेदाचाच, म्हणजे भागाकाराच्या खालच्या आकड्याचाच असतो.

करायचे काय? एक आकडा देऊ नका, दोन द्या. एकदा ३८.७६ लाखांनी भागा, एकदा मागच्या दशकाचीच वाढ पुढे चालवून येणाऱ्या ४२.६ लाखांनी. समजा ७,५०० गुन्हे आहेत, तर दर १७६ ते १९३.५ यांच्या दरम्यान, हा झाला जिल्ह्याचा पट्टा. दोन जिल्ह्यांचे पट्टे एकमेकांवर चढत असतील तर कोण पुढे, कोण मागे हे लिहायचेच नाही.

जाता जाता: अहवालातला १९ महानगरांचा तक्ता बघाल तर तिथे अजूनही २०११ ची प्रत्यक्ष लोकसंख्या आहे. पुण्याला ५०.५ लाख. त्यामुळे 'पुणे शहराचा दर राज्याच्या दरापेक्षा एवढा जास्त' असली वाक्ये टाळा, दोन्हीकडचे छेद वेगवेगळ्या काळातले आहेत. कोल्हापूर त्या १९ शहरांत नाही.

---

मुद्देमाल_कारकून:

वरच्या प्रतिसादात भागाकाराचा खालचा आकडा झाला. मी वरच्याबद्दल लिहितो, कारण खरा घोळ तिथे आहे.

एनसीआरबी गुन्हे मोजत नाही, ठाण्यात दाखल झालेल्या एफआयआर मोजते. त्यातही फक्त दखलपात्र. शिवीगाळ, किरकोळ मारहाण यांची एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद होते, ती या बेरजेत येत नाही. जखम गंभीर म्हणून एफआयआर घ्यायची की एनसीवर भागवायचे, हा निर्णय ठाणे अंमलदाराच्या टेबलावर होतो. दोन ठाण्यांची सवय वेगळी असली की दोन तालुक्यांचा 'दर' वेगळा दिसतो. गुन्ह्यांत वाढ आणि नोंदणीत वाढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे एनसीआरबी स्वतः अहवालात लिहिते. ते पान कुणी वाचत नाही.

एका एफआयआरमध्ये पाच कलमे असली तरी गुन्हा एकच मोजतात, सगळ्यात जास्त शिक्षेचा. खून करून दागिने नेले आणि प्रेत विहिरीत टाकून पुरावा नष्ट केला, तर अहवालात खून एक. चोरीच्या रकान्यात त्याचा पत्ता नसतो. तसेच एकाच घटनेत तिघांचा खून झाला तर 'आय' रकान्यात १ आणि 'व्ही' रकान्यात ३. आय म्हणजे गुन्हे, व्ही म्हणजे बळी, आर म्हणजे दर. पीडीएफवरून एक्सेलला उतरवताना हे रकाने सरकतात, तेवढे डोळ्यांनी ताडून बघा.

२०२० चे: २०१९ ला देशात ५१,५६,१५८ गुन्हे, २०२० ला ६६,०१,२८५. यातली एकट्या कलम १८८ ची, म्हणजे लोकसेवकाच्या आदेशाचा भंग, वाढ २९,४६९ वरून ६,१२,१७९. मास्क नाही, संचारबंदीत बाहेर पडला, दुकान उघडे ठेवले, असे गुन्हे ते. एकूण वाढीतला चाळीस टक्के भाग या एका कलमाचा. त्याच वर्षी महिलांवरील नोंदलेले गुन्हे ८.३ टक्क्यांनी घटले. तेही कमी झाले म्हणून की घराबाहेर पडून ठाणे गाठता आले नाही म्हणून, हे पत्रक सांगत नाही. २०२० आलेखातून वगळा किंवा त्या खांबाला वेगळा रंग द्या.

विशेष व स्थानिक कायद्यांची बेरीज तर काढूनच टाका. आपल्याकडे हातभट्टीवर धाड पडली की महाराष्ट्र दारूबंदी कायद्याखाली गुन्हा. मटक्याच्या टपरीवर धाड, जुगार कायद्याखाली गुन्हा. इथे फिर्यादी पोलीसच असतो. मोहीम निघाली की आकडा वाढला, बंदोबस्तात माणसे अडकली की घटला. हे धाडींचे मोजमाप आहे. गुजरात आणि बिहारात पूर्ण दारूबंदी, शेजारच्या राज्यात नाही, मग त्या बेरजांची तुलना कशी करणार?

अपहरणाचा रकाना वाचकाला सगळ्यात जास्त घाबरवतो, म्हणून त्याच्यावर दोन ओळी जास्त लिहा. २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर अल्पवयीन मूल हरवले की अपहरण गृहीत धरून गुन्हा नोंदवायचा असतो. आपल्याकडे अठरा वर्षांखालचा मुलगा वा मुलगी बेपत्ता झाली की थेट दंड संहितेचे कलम ३६३ लागायचे, आता भारतीय न्याय संहितेत १३७. रागावून मामाच्या गावाला गेलेला मुलगा संध्याकाळी परत आला तरी गुन्हा नोंदलेला राहतो. पळून जाऊन लग्न करणारी सतराची मुलगीही त्यातच. म्हणून 'जिल्ह्यात इतकी अपहरणे' असे नुसते छापू नका. आईबापांची झोप उडेल आणि चित्र चुकीचे जाईल.

केरळ: २०२२ ला तिथे दंड संहितेच्या गुन्ह्यांत दोषारोपपत्राचे प्रमाण ९६ टक्के, देशात सर्वाधिक. लोक ठाण्यात जातात, ठाणे नोंद घेते, तपास संपवून कागद कोर्टात जातो. दर मोठा दिसण्यात याचा वाटा मोठा. दिल्लीत वाहनचोरीची एफआयआर घरबसल्या ऑनलाइन होते, विम्यासाठी ती लागतेच, म्हणून तिथे चोरीचा दर फुगलेला दिसतो. बिहारचा कमी दर म्हणजे शांतता असे समजू नये.

---

खासबाग_तालीम:

मग तुलना करायचीच नाही का, असा प्रश्न येईल. करायची, पण खुनाची. प्रेत लपत नाही, त्याची एनसी होत नाही. नोंदणीतला फरक खुनात सगळ्यात कमी.

२०२२ मध्ये उत्तर प्रदेशात ३,४९१ खून, देशात सर्वाधिक, आणि मथळे त्याचेच झाले. पण लोकसंख्येने भागले तर लाखामागे दीडच्या आसपास, देशाच्या २.१ पेक्षा कमी. झारखंडचा दर ४. महाराष्ट्र २,२९५ खुनांसह संख्येने तिसरा, दराने देशाच्या सरासरीखाली. नुसती संख्या बघून राज्याला नावे ठेवणारे इथेच फसतात राव.

जिल्ह्यात मात्र खून थोडे असतात, म्हणून छोट्या आकड्यांचा खेळ लक्षात घ्या. समजा एका वर्षी ६४ खून, पुढच्या वर्षी ५२. 'खुनांत १९ टक्के घट' असा मथळा तयार. पण अशा मोजणीत योगायोगाचा चढउतार साधारण वर्गमुळाच्या दुपटीपर्यंत धरतात. ६४ चे वर्गमूळ ८, त्याच्या दुप्पट १६. म्हणजे काहीही न बदलता निव्वळ योगायोगाने आकडा ४८ ते ८० मध्ये कुठेही जाऊ शकतो. ५२ त्याच्या आतच आहे. जिल्ह्यासाठी तीन-तीन वर्षांची बेरीज घ्या, वर्षावर्षाची टक्केवारी छापू नका. तालुक्यासाठी खुनाचा दर तर काढूच नका. गगनबावड्यासारख्या छोट्या तालुक्यात एका खुनाने दर आभाळाला भिडेल.

चोरीबद्दलही एक गोष्ट. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला, चैत्रात जोतिबाला लाखोंनी माणूस येतो. त्यांचे खिसे कापले गेले की गुन्हा इथल्या ठाण्यात, पण ती माणसे आपल्या लोकसंख्येत नाहीत. इचलकरंजीच्या यंत्रमागांवरचे, शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीतले परगावचे कामगार, हंगामातले ऊसतोड मजूर, हेही बरेचसे छेदाबाहेरच. चोरीच्या दराखाली हे लिहाच.

---

रंकाळा_पदपथ:

मनापासून आभार. विशेष कायदे काढले, सोलापूरच्या दोन्ही ओळी जोडल्या, २०२० बाजूला ठेवले. बेळगावचे कुणी सांगेल का? आणि घरातल्या हिंसेबद्दल एक परिच्छेद हवाच आहे, पण ठाण्याच्या नोंदीवर विसंबता येत नाही हे आता कळले.

---

छेद_आधी:

बेळगाव घ्या, पण फक्त खुनासाठी. तिथेही शहर आयुक्तालय आणि जिल्हा अशा दोन ओळी आहेत, बेरीज करून ४७,७९,६६१ ने भागा, ही २०११ ची संख्या आहे. बाकी गुन्ह्यांत दोन राज्यांच्या पोलिसांची नोंदणीची रीत मध्ये येते.

घरातल्या हिंसेसाठी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण वापरा. तिथे बाईला घरी जाऊन एकांतात विचारतात, ठाण्याची पायरी मध्ये येत नाही. २०१९-२१ च्या फेरीत नवऱ्याकडून हिंसा सोसलेल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहितांचे प्रमाण महाराष्ट्रात सुमारे २५ टक्के, कर्नाटकात ४४.४, बिहारात ४०. आणि हिंसा सोसलेल्यांपैकी बहुसंख्य कधीच कुणाकडे मदत मागत नाहीत. बिहारच्या कमी 'दरा'चे उत्तर इथे आहे.

पण यालाही डोळे मिटून धरू नका. त्याआधीच्या फेरीत कर्नाटक २०.६ वर होते. चार-पाच वर्षांत हिंसा दुप्पट झाली, की प्रश्न विचारणाऱ्यांचे प्रशिक्षण आणि उत्तर देण्याची मोकळीक बदलली, हे फक्त आकड्यावरून ठरवता येत नाही. दोन्ही फेऱ्या शेजारी छापा.

---

रंकाळा_पदपथ:

लेखातले मुख्य वाक्य असे करतोय: "कोल्हापुरात गुन्हेगारी सांगलीपेक्षा कमी असून पुणे ग्रामीणमध्ये २०१८ नंतर ती झपाट्याने घटली आहे." चालेल?

---

मुद्देमाल_कारकून:

नाही. पहिल्या अर्ध्यात 'गुन्हेगारी' काढून 'लोकसंख्येच्या मानाने नोंदलेले खून, तीन वर्षांची बेरीज' घाला, आणि दोन्ही जिल्ह्यांचे पट्टे एकमेकांवर चढत नसतील तरच वाक्य ठेवा.

दुसरा अर्धा पूर्ण काढा. ऑगस्ट २०१८ मध्ये पिंपरी-चिंचवडचे आयुक्तालय झाले आणि चाकण, आळंदी, तळेगाव दाभाडे ही ठाणी पुणे ग्रामीणमधून तिकडे गेली. गुन्हे गेले नाहीत, ठाणी गेली. अशा हद्दी बदललेल्या ओळी आधी आणि नंतर जोडून वाचता येत नाहीत. पुढच्या अंकात २०२४ घेणार असाल तर आणखी एक सांधा येईल: १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी न्याय संहिता. खून ३०२ चा १०३ झाला, चोरी ३७९ ची ३०३, आणि गळ्यातले हिसकावणे हा ३०४ खाली स्वतंत्र गुन्हा झाला. त्या वर्षी चोरीचा रकाना घटलेला दिसला तर आधी ३०४ चा बघा.

---

रंकाळा_पदपथ:

पुणे ग्रामीणची ओळ काढली. कोल्हापूर आणि सांगलीचे खुनाचे पट्टे आत्ताच काढून पाहिले, एकमेकांवर चढतात. तेव्हा वाक्याचा पहिला अर्धाही गेला. दोन्ही पट्टे आणि खालच्या टिपा तशाच छापतो. पक्का तक्ता उद्या रात्री इथे चिकटवतो, कुणीतरी एकदा छेद तपासून द्या.