उत्तर : डार्क चॉकलेट म्हणजे औषधाची गोळी?

वर एकांनी लिहिलंय, "डार्क चॉकलेट म्हणजे पैसे मोजून कडू औषध खायचं." आम्ही कोल्हापूरकर, चहातसुद्धा गूळ सढळ हाताने घालणारे, त्यामुळे पहिल्यांदा माझंही तोंड वाकडंच झालेलं.

डार्क चॉकलेटच्या वेष्टनावर ७०% वगैरे लिहिलेलं असतं, ती कडूपणाची टक्केवारी नव्हे. कोकोच्या बियांपासून आलेला ऐवज, म्हणजे बियांचा गर आणि त्यातलीच चरबी, म्हणजे कोको बटर, मिळून ७०. उरलेली बहुतेक साखर. त्यामुळे दोन कंपन्यांचं ७०% चवीला अगदी वेगळं लागू शकतं. बिया काही दिवस आंबवतात, वाळवतात, मग भाजतात. खरी चव तिथंच तयार होते. आपल्या तांबड्या रश्श्याचा मसाला भाजण्यावर ठरतो, तसंच म्हणा.

खायची पद्धत मात्र चुकते लोकांची. शेंगदाणा चिक्कीसारखं कडाकडा चावू नका. छोटा तुकडा जिभेवर ठेवून गप्प बसा. कोको बटर साधारण ३४ अंशाला वितळतं, तोंडातली ऊब त्याहून थोडी जास्त. आधी कडू, मग किंचित आंबट, मागून भाजल्याचा वास. मला तर एकदा चक्क मनुक्याची चव आली. बायको म्हणाली, "काहीही!"

आणि हो, मे महिन्यात रंकाळ्यावर फिरताना खिशात वितळलं, परत घट्ट झाल्यावर पांढरट दिसलं, तर बुरशी समजून टाकू नका. बहुतेक वेळा ते वर आलेलं कोको बटर असतं. मी एक अख्खी वडी कचऱ्यात घातलीय, अजून हळहळ वाटते.