'ॲनेक्सेशन'साठी खालसा, विलीनीकरण की सामीलीकरण? (क्रिमियाच्या निमित्ताने टोपणनावांनी झालेली चर्चा)

तळटीप: क्रिमियाच्या इतिहासावरचं एक प्रकरण मराठीत आणतेय आणि एका शब्दावर अडून बसलेय. मूळ मजकुरात १७८३ आणि २०१४ दोन्हींसाठी 'ॲनेक्सेशन' आहे, म्हणजे दुसऱ्याचा प्रदेश आपल्या राज्याला जोडून घेणं. १७८३ साली रशियाची सम्राज्ञी कॅथरीन दुसरीने तिथल्या तातारांच्या गिराय घराण्याची खानशाही संपवली, तिथे मी 'क्रिमिया खालसा केला' असं लिहिलं. २०१४ ला रशियाने तो युक्रेनकडून घेतला, तिथे 'रशियात विलीनीकरण'. संपादकांनी दोन्हींखाली रेघ मारली. मूळ शब्द एक, तर मराठीतही एकच हवा म्हणे, आणि समासात 'सामीलीकरण' लिहून दिलंय. मला तो शब्द कानाला खडा लागल्यासारखा टोचतो. मधलं १९५४ सोपं आहे. सोव्हिएत संघातल्या संघातच द्वीपकल्प रशियाकडून युक्रेनकडे दिला गेला, म्हणून 'हस्तांतरण'. पण बाकी दोन ठिकाणी काय करू?

मोडीवाचक: १७८३ ला खालसाच. हट्टाने ठेवा. अरबी 'खालिस' म्हणजे निर्भेळ. ज्या गावाचा वसूल इनामदार-जहागीरदार मध्ये न येता थेट सरकारात जमा होतो ते खालसा गाव. क्रिमियात हेच झालं. खान १४७५ पासून तुर्की सुलतानाचे मांडलिक. १७७४ च्या तहात रशियाने त्यांना कागदोपत्री 'स्वतंत्र' करून घेतलं, शाहीन गिरायला स्वतःच्या पाठिंब्याने गादीवर बसवलं आणि तहानंतर नऊ वर्षांनी गादीच काढून घेतली. साताऱ्याची गोष्ट आठवते की नाही? कंपनीनेच प्रतापसिंहांना गादीवर बसवलं, १८३९ ला पदच्युत केलं, भावाला आणलं आणि १८४८ ला तो वारल्यावर दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केलं. इतका नेमका शब्द हाताशी असताना 'सामीलीकरण' कशाला?

कौमुदी: नेमका आहे, पण आपला आहे का? महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो दरबारातले फारसी-अरबी शब्द बाजूला सारायलाच ना? साडेतीनशे वर्षांनी आपण पुन्हा तेच शब्द उचलायचे? 'बलात् समावेश' म्हणा. अर्थही स्पष्ट होतो.

मोडीवाचक: माझी आजी शाळेत गेली नव्हती. ती सांगायची, "आमचं इनाम खालसा झालं तेव्हा तुझा बाप रांगत होता." तिच्या तोंडी 'बलात् समावेश' बसवून दाखवा, मी तो शब्द घेतो. आणि क्रिमियाचा इथल्या खालशांशी धागाही आहे. नानासाहेब पेशव्यांचे वकील अझीमुल्ला खान बाजीरावांच्या आठ लाखांच्या तनख्यासाठी लंडनला गेले होते. तिथून रिकाम्या हाती परतताना, १८५५ साली, ते वाट वाकडी करून क्रिमियातल्या सेव्हास्तोपोल बंदराचा वेढा बघून आले.

मांडवी: खालशाचं तुम्ही बघा, पण २०१४ ला 'विलीनीकरण' कृपा करून नको. आम्हां गोंयकारांच्या घरात या शब्दाला एकच अर्थ आहे. १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल. महाराष्ट्रात विलीनीकरण हवं त्यांनी फुलावर शिक्का मारायचा, संघप्रदेश राहायचं त्यांनी दोन पानांवर. ३४,०२१ मतांनी पानं जिंकली. आमच्या घरात एक काका फुलाचे, बाकी सगळे पानांचे, आणि पुढे कित्येक चतुर्थ्या ते वेगळ्या पंगतीला बसले. पण दोन्ही बाजू मोकळेपणी भांडल्या, आणि 'आहे तसंच राहू द्या' हे निवडता येत होतं. क्रिमियात १६ मार्च २०१४ च्या मतपत्रिकेवर एक तर रशियात जाणं, नाही तर क्रिमियाची १९९२ ची, जास्त स्वायत्ततेची राज्यघटना परत आणणं. आहे तसं राहण्याचा पर्यायच नाही, आणि रस्त्यावर बिनबिल्ल्याचे सैनिक. याला विलीनीकरण म्हटलं तर आमच्या कौलाला काय म्हणायचं?

रानवारा: मग सरळ 'बळकावला' लिहा. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ते सार्वमत १०० विरुद्ध ११ मतांनी अवैध ठरवलं होतं.

कौमुदी: आणि ५८ देश तटस्थ राहिले, त्यांत भारतही होता. 'बळकावला' हा निवाडा झाला, भाषांतर नव्हे.

मोडीवाचक: मांडवी, 'कौल' हा शब्दही अरबीच, बरं का! कौल म्हणजे वचन, शब्द. रयतेला अभयाचा कौल देत, त्यावरून कौलनामा.

मांडवी: असेल. पण आमच्याकडे आधी देवाचा कौल, मग सरकारचा. गुरव ओल्या पाकळ्या मूर्तीला चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि सगळे श्वास धरून उभे. पाणी सुकत जातं तशी पाकळीची कड हळूच सुटते. उजवी पडली की होकार. वचन देवाने द्यायचं म्हणून कौल, हे पटतं मला.

रानवारा: आणि छपरावरची कौलं? मी ऐकलंय की पूर्वी देवळाच्या कौलावर पाकळी लावत, त्यावरून आलं.

मोडीवाचक: छे हो. दोन वेगळे शब्द, उच्चार योगायोगाने जुळला.

तळटीप: मंडळी, मला शुक्रवारी प्रकरण द्यायचंय! १७८३ ला खालसा ठेवतेय, संपादकांशी भांडेन. २०१४ ला सध्या 'ताब्यात घेऊन आपल्या देशाला जोडला' एवढं लांबलचक लिहिलंय. आणि याहून अवघड शब्द पुढे आहे. १८ मे १९४४ ला स्टालिनने क्रिमियन तातारांना उठवलं. तीनेक दिवसांत जवळजवळ दोन लाख माणसं मालगाडीच्या डब्यांत कोंबून बहुतेक उझबेकिस्तानात नेली. ते त्याला 'सुरगुन' म्हणतात. 'हद्दपार' लिहिलं तर एखाद्या गुन्हेगाराला जिल्ह्याबाहेर काढल्यासारखं वाटतं, 'स्थलांतर' म्हणजे तर जणू आपणहून गेले. यात तान्ही पोरं होती, म्हाताऱ्या होत्या. काय लिहू?

कौमुदी: 'निष्कासन'?

मांडवी: सुरगुनच ठेवा, एकदा अर्थ सांगून. त्यांचा शब्द त्यांच्याकडेच राहू दे. रानवारा, ते देवळाच्या कौलाचं कुठल्या गावात ऐकलंत? आमच्या काकीला विचारून बघते.