मदत हवी आहे: थीमच्या कामाचा करारनामा आलाय, सही करण्याआधी काय काय बदलून घ्यावं?

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात राजारामपुरीतून फ्रीलान्स काम करतो. मुख्यतः शॉपिफायच्या थीम (म्हणजे ऑनलाइन दुकानाच्या साइटचं रूप आणि मांडणी), अधूनमधून वूकॉमर्स. गावातली कामं अजूनही व्हॉट्सअ‍ॅपवरच ठरतात: "करून टाका, पैशाचं काय पळून जातंय?" पैसे पळून जात नाहीत हे खरं, पण येतही नाहीत. एका दुकानदाराची साइट लाइव्ह होऊन ऑर्डरी सुरू झाल्या, तरी शेवटचा हप्ता आधी "गणपती होऊ द्या" आणि मग "दिवाळी होऊ द्या" यातच अडकून पडला होता.

आता पुण्यातल्या एका एजन्सीमार्फत कोल्हापुरी चपलांच्या दुकानाचं काम आलंय. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोत प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्यावरून जो गदारोळ झाला, त्यानंतर इथल्या बऱ्याच चप्पलवाल्यांच्या डोक्यात ऑनलाइन दुकान बसलंय. काम मनासारखं आहे. पण एजन्सीने जाडजूड करारनामा पाठवलाय, आणि तो कुठल्या तरी अमेरिकन नमुन्यावरून उचललाय हे पहिल्याच पानावर कळतं.

माझी खरी अडचण एका कलमाची आहे. या थीममध्ये मापाचा एक सेक्शन आहे. गिऱ्हाईक कोऱ्या कागदावर पाय ठेवून पेनने कड काढतं आणि त्याचा फोटो प्रॉडक्ट पेजवरूनच चढवतं. तो फोटो लाइन आयटम प्रॉपर्टी (ऑर्डरमधल्या त्या वस्तूसोबत जाणारी जादा माहिती) म्हणून ऑर्डरला चिकटतो. कारागिराला ऑर्डर उघडली की कापशी हवी की कुरुंदवाडी, पंजा किती रुंद, अंगठा कुठे येतो, सगळं एका जागी दिसतं. हा सेक्शन मी या कामाच्या बराच आधी माझ्यासाठी लिहून ठेवलाय, आणि उद्या मोजडीवाल्याला किंवा ब्लाउज शिवणाऱ्यालाही थोड्या फरकाने देणार आहे. करारात मात्र असं आहे: "या कामात वापरलेला सर्व कोड, पूर्वी लिहिलेला धरून, वर्क फॉर हायर म्हणून एजन्सीच्या मालकीचा राहील." (वर्क फॉर हायर म्हणजे लिहिणाऱ्याचं नव्हे, करवून घेणाऱ्याचंच धरलेलं काम.)

मी वाचलंय ते असं. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो. कलम १७ नुसार नोकरीत असताना लिहिलेलं मालकाचं होतं. फ्रीलान्सर नोकर नाही, त्यामुळे वेगळा करार नसेल तर पहिला हक्क लिहिणाऱ्याचाच. तो दुसऱ्याला द्यायचा तर कलम १९ प्रमाणे लेखी आणि सही करून द्यावा लागतो. मुदत लिहिली नाही तर तो पाच वर्षांचाच धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारतापुरता. म्हणजे हे मोघम वाक्य खरं तर एजन्सीलाही गैरसोयीचंच. हे त्यांना न दुखावता कसं सांगायचं?

दुसरं कलम पैशाचं. "मूळ ग्राहकाकडून रक्कम प्राप्त झाल्यावर ३० दिवसांत." त्या दोघांचं बिनसलं तर मी काय करायचं? माझी उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) आहे, तिचा इथे काही उपयोग?

बाकी कलमं झटपट सांगतो. बदल "समाधान होईपर्यंत" फुकट. दोन वर्षं चपला किंवा चामड्याच्या वस्तू विकणाऱ्या दुसऱ्या कुणाचं काम घ्यायचं नाही (कोल्हापुरात राहून!). विक्री बुडाली तर भरपाई माझ्याकडून, तीही अमर्याद. आणि वाद झाला तर न्यायालय फक्त पुण्याचं.

कुणी अशा एजन्सीशी घासाघीस केली आहे का? मराठीत किंवा सोप्या इंग्रजीत कलमांचे नमुने असतील तर द्या.

इचलकरंजीकर:

भावा, आधी कोड कुठे ठेवतोयस ते बघ. ग्राहकाच्या स्टोअरमध्ये कोलॅबोरेटर (मालकाने आत काम करायला परवानगी दिलेला बाहेरचा माणूस) म्हणून शिरून तिथेच थीम बांधलीस तर पहिल्या दिवसापासून कोड त्यांच्या हातात. झिप डाउनलोड करायला त्यांना तुला विचारावं लागत नाही. मी माझ्या डेव्हलपमेंट स्टोअरवर (चाचणीसाठीच्या दुकानावर) बांधतो, प्रिव्ह्यू तिथूनच दाखवतो आणि शेवटचा हप्ता जमा झाला की थीम चढवतो. हे करारातच लिहायचं, नाहीतर ऐन वेळी "अडवून धरलं" म्हणून बोंब होते. हप्ते ४०, ३०, ३० असे, आणि मधला हप्ता डिझाइनला होकार आला की. होकार ईमेलवर, फोनवरचा नाही.

"समाधान" हा शब्द खोडायला लाव. कोणती पानं, किती सेक्शन, कोणते ब्राउझर, डेटा कोण भरणार हे परिशिष्टात मांड. रिव्हिजनच्या दोन फेऱ्या किमतीत, पुढे तासाचा दर. माझ्याकडे एकाने सगळं झाल्यावर "फक्त पिनकोड टाकला की कॅश ऑन डिलिव्हरी आहे का ते दिसावं" एवढंच मागितलं होतं. ते एवढंच म्हणजे वेगळं अ‍ॅप होतं.

आणि एक. पैसे बुडवले तर साइट बंद पडेल असा छुपा कोड घालायचा सल्ला तुला कुणीतरी देईलच. त्या नादाला लागू नको. दुसऱ्याची सिस्टीम परवानगीशिवाय बंद पाडली तर आयटी कायद्याचं कलम ४३ आणि ६६ तुझ्यावर लागेल. पैसे राहतील बाजूला आणि तूच आरोपी होशील.

काळा कोट:

वकिली करते, म्हणून नेमकं लिहिते.

उद्यमचा उपयोग आहे, आणि चांगला आहे. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्यात सूक्ष्म व लघु उद्योगाला पैसे देण्याची मुदत करारात काहीही लिहिली तरी ४५ दिवसांपलीकडे जात नाही. मुदत ठरलीच नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. दाद फॅसिलिटेशन कौन्सिलकडे (अशा थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या सरकारी मंडळाकडे) मागायची. दिवस मोजायचे ते काम पोहोचवल्यापासून. समोरच्याने १५ दिवसांत लेखी हरकत घेतली तरच ती हरकत दूर झाल्यापासून मोजतात. म्हणून "थीम आज सुपूर्द केली" असा तारखेसह ईमेल पाठवाच. नोंदणी करारानंतरची असेल तर वाद होतात, तुमची आधीची आहे हे बरं.

दोन वर्षांची बंदी काम संपल्यानंतरची असेल तर १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ पुढे टिकत नाही. तरीही खोडून घ्या, कारण न टिकणाऱ्या कलमाच्याही नोटिसा येतात आणि उत्तर द्यायला खर्च होतो. त्यांच्या ग्राहकाकडे परस्पर जायचं नाही, एवढी अट मान्य करायला हरकत नाही. भरपाईची कमाल मर्यादा तुम्हाला प्रत्यक्ष मिळालेल्या फीइतकी ठेवा आणि "बुडालेला नफा" स्पष्ट शब्दांत वगळा. न्यायालय कोल्हापूरचं मागा: काम इथे होतंय, त्यामुळे ते मागता येतं. ज्या गावाशी व्यवहाराचा काही संबंधच नाही, तिथलं न्यायालय मात्र दोघांनी मिळून ठरवलं तरी चालत नाही.

ईमेलवरचा करारही वैध असतो. पण एवढं मोठं काम आहे तर मुद्रांक लावा. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून शंभरऐवजी पाचशेचा लागतो. मुद्रांक नसला म्हणून करार रद्द होत नाही, पण कोर्टात पुरावा म्हणून ठेवताना शुल्क आणि दंड आधी भरावा लागतो.

धागाकर्ता:

ताई, दादा, मनापासून आभार. एजन्सीला हा मसुदा पाठवतोय: "परिशिष्ट ब मधील पूर्वलिखित कोड विकसकाच्या मालकीचा राहील. तो या एका स्टोअरमध्ये कायमस्वरूपी, जगभर वापरण्याचा अनन्य नसलेला परवाना ग्राहकास राहील. या कामासाठी नव्याने लिहिलेल्या थीमचा कॉपीराइट, अंतिम हप्ता जमा झाल्याच्या दिवसापासून, संपूर्ण मुदतीसाठी व जगभरासाठी एजन्सीकडे हस्तांतरित होईल." परिशिष्ट ब मध्ये मापाचा सेक्शन, त्याच्या फाइलींची नावं आणि गिटमधली (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीतली) पहिली तारीख टाकली आहे.

एक राहिलंच. लाइव्ह झाल्यावर बग फुकट दुरुस्त करायची मुदत तुम्ही किती देता? मी ३० दिवस लिहिलेत. दुकानदाराने मध्येच एखादं अ‍ॅप टाकलं आणि त्याने कार्ट मोडलं, तर तो बग माझा नाही हे कोणत्या शब्दांत लिहिता?