गांजाच्या फुलातला ओलावा मोजायला १०५ अंशांचा ओव्हन कशाला?

निळी_सिलिका (अंधेरी) : भाऊ कॅनडात गांजा तपासणाऱ्या लॅबमध्ये आहे. तिथे २०१८पासून कायदेशीर आहे. इथे फूल म्हणजे थेट एनडीपीएस (अमली पदार्थांचा कायदा), तेव्हा कुणी पत्ता मागू नये. त्यांच्याकडेही काही जण आपल्या इथल्या लॅबसारखंच १०५ अंशांवर एलओडी लावतात, म्हणजे तापवून जितकं वजन घटलं तितका ओलावा धरतात. माझं म्हणणं, तो आकडा पाण्याचा नाहीच. टर्पीन, म्हणजे वासाची तेलं, उडतात ते वेगळंच, वर फुलातलं टीएचसीए तापून टीएचसी (नशेचा घटक) होताना कार्बन डायऑक्साइड सुटतो, म्हणजे त्याचं सुमारे १२ टक्के वजन. फुलात २० टक्के टीएचसीए असेल आणि सगळं बदललं, तर जवळजवळ अडीच टक्के "ओलावा" फुकटात. कार्ल फिशर लावा, ती रासायनिक चाचणी फक्त पाणीच मोजते.

तुर्भेकर : क्यूसीत (माल तपासणीत) वीस वर्षं काढली. कार्ल फिशरला नमुना किती घालणार? शंभर-दोनशे मिलिग्रॅम. त्यात देठाचा तुकडा आला की आकडा पालटला. ओव्हनमध्ये दोन-पाच ग्रॅम जातं. शिवाय सगळे एकाच चुकीने मोजत असतील तर तुलना तरी होते. हळदही आम्ही तशीच सोडतो.

निळी_सिलिका : काका, हळदीचं उदाहरण तुमच्यावरच उलटतंय! मसाल्यात उडणारं तेल असतं म्हणूनच टोल्युइन या द्रावकाबरोबर उकळून पाणी वेगळं मोजतात ना? आणि चूक सारखी राहत नाही, टीएचसीए जास्त तितकी ती मोठी. समजा टीएचसी १८ टक्के. ओलावा १२ धरला तर कोरड्या वजनावर २०.५, साडेचौदा धरला तर २१. लेबलवर छापायचं कुठलं?

गवती_चहा : दोघंही टक्क्यांत अडकलात. बुरशी टक्के बघून येत नाही, मोकळं पाणी बघून येते. त्याचं माप, म्हणजे वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी ०.५५ ते ०.६५मध्ये ठेवा, झालं. जुलैत दादरला पापडाचा डबा उघडा ठेवून बघा, कळेल.

तुर्भेकर : ताई, बुरशीपुरतं कबूल. पण कोरड्या वजनाचा हिशोब वॉटर अ‍ॅक्टिव्हिटीने कसा करणार? टक्के लागणारच. फार तर ४० अंशांवर व्हॅक्यूम ओव्हन लावा, वेळ जाईल पण फूल शिजणार नाही.

निळी_सिलिका : व्हॅक्यूममध्ये टर्पीन काय बसून राहणार आहेत?

तुर्भेकर : बरं बाई. सोमवारी हळदीवरच ओव्हन आणि टोल्युइन दोन्ही लावून बघतो. आकडे इथेच टाकीन, माझ्या विरुद्ध गेले तरी.