स्टोव्ह मोठा घेऊन मंद पेटवण्याबद्दल

खोली गरम करायला लाकडावर चालणारा स्टोव्ह घेताना ‘मोठा स्टोव्ह घ्या आणि हवा कमी करून मंद ठेवा’ असा सल्ला वर कुणी दिलाय, तो कृपया पाळू नका. लाकूड धुमसत राहिलं की काच काळी पडते, धुराड्यात क्रिओसोटचा (धुरातून साचणाऱ्या डांबरासारख्या चिकट काजळीचा) थर बसतो आणि एखाद्या दिवशी तोच पेटतो. इंग्लंडमधल्या साधारण इन्सुलेशनच्या घराला ढोबळ हिशोब पुरतो: खोलीचे घनमीटर भागिले 14, येईल तेवढ्या किलोवॅटचा स्टोव्ह. म्हणजे 5 × 4 × 2.4 मीटरच्या खोलीला साडेतीन किलोवॅट. भिंती जुन्या, भरीव असतील तर 10 ने भागा.

हवेच्या झरोक्याचा मुद्दा मात्र राहून गेलाय. तिथल्या बांधकाम नियमांप्रमाणे जुन्या घरात 5 किलोवॅटच्या वरच्या प्रत्येक किलोवॅटला 550 चौरस मिलिमीटर कायम उघडा झरोका लागतो. उगाच 8 किलोवॅटचा घेतलात तर भिंतीला भोक पाडून थंड हवाच आत घ्याल.